पैसे मीच भरले, मग परत कुठल्या तोंडानं मागू?

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात, गड्ड्याच्या यात्रेत दोन वर्षं स्टॉलही लावला. पीठ मळायचं यंत्र घ्यायला कर्ज हवं होतं, म्हणून बँकेनं उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र मागितलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. त्यावर तिरंगी पट्टा होता, तीन सिंहांची मुद्रा होती, नावातही 'उद्यम' होतं. फॉर्म भरून झाल्यावर 2,799 रुपये मागितले, ते यूपीआयनं भरले. मग एका बाईंचा फोन आला, त्यांनी आधारचा ओटीपी विचारून घेतला. दोन दिवसांनी मेलवर प्रमाणपत्र आलं आणि ते खरं निघालं. पण बँकेतले साहेब म्हणाले, 'ही नोंदणी फुकट असते, पैसे कुणाला दिलेत?' मिस्टर म्हणतात, कागद मिळाला ना, सोडून दे. भाऊ म्हणतो, 'हा व्यवहार आम्ही केलाच नाही' असं बँकेत लिहून दे, बँकेला पैसे द्यावेच लागतात. मुलगी आठ दिवस धड जेवत नाही. आणि आता त्याच लोकांचे फोन येतात की नूतनीकरणाचे 1,500 रुपये भरा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. ताई विचारतात, पैसे परत मागायचा मला हक्क आहे का, आणि भावाचं ऐकू का?

ताई,

आधी त्या फोनचं बोलते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. 1,500 रुपये भरू नका. उद्यम नोंदणीला नूतनीकरण नाही. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयानं 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सुरू केली तेव्हापासून तिला शुल्क नाही, आणि एकदा मिळालेला क्रमांक कायमचा असतो. आयकर विवरणाचे वगैरे तपशील वेळोवेळी अद्ययावत करायचे असतात, ते न केल्यास नोंदणी स्थगित होऊ शकते. हे फोनवाले नेमकं त्यावरच बोट ठेवून भीती घालतात. पण ते अद्ययावत करणंसुद्धा सरकारी पोर्टलवर फुकट होतं. पुन्हा फोन आला तर वाद घालू नका. नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा आणि फोन ठेवून द्या. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं असे संशयास्पद फोन कळवता येतात.

आता तुमच्या भावाचं. त्यांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं. तुमची किंवा बँकेची चूक नसताना, तिसऱ्याच कुणीतरी तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, असं ते म्हणतं. त्यातले 'परवानगीशिवाय' हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या बाबतीत पिन तुमच्या घरातल्या माणसानं, तुमच्या फोनवर, तुमच्या समोर टाकला.

मी बँकेच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. एक गृहस्थ आठवतात, पिशवीत पासबुक आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले कागद घेऊन आले होते. एका संकेतस्थळानं फसवून पैसे घेतले होते, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण कुणीतरी सांगितलं म्हणून अर्जात लिहिलं, 'सदर व्यवहार मी केलेला नाही.' चौकशीत निघालं की व्यवहार त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच पिननं झाला होता. अर्ज बंद झाला. त्यांनी परत येऊन सगळी हकिगत जशी घडली तशी सांगितली, तेव्हा साहेबांनी त्यांच्यासमोर पहिला अर्ज ठेवला आणि विचारलं, 'यातलं कुठलं खरं धरायचं?' ते काही बोलले नाहीत, कागद परत त्या वर्तमानपत्रात गुंडाळत राहिले. खऱ्या तक्रारीची ताकद एका खोट्या वाक्यानं गेली. म्हणून भावाचं ऐकू नका, ताई. पैसे तुम्हीच भरलेत हे पहिल्या ओळीत लिहा. तुमची तक्रार पैसे चोरीला गेल्याची नाहीच. ते दिशाभूल करून घेतले, ही तुमची तक्रार आहे. कुठल्या दारात काय मागायचं ते यावरूनच ठरतं.

मिस्टर म्हणतात कागद मिळाला ना, त्यातही तथ्य आहे. ते तथ्य समोरचा माणूस तुमच्याविरुद्ध वापरणार, म्हणून आधी आपणच त्याचा नीट विचार करू. आपल्याकडे सेतू केंद्रात किंवा कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्याला आपण पैसे देतोच की. त्यात काही गैर नाही. तो माणूस 'मी फॉर्म भरून देतो, माझे एवढे' म्हणतो. तो कोण आहे आणि पैसे कशाचे आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, नको असेल तर आपण स्वतः खिडकीवर जातो. तुमच्या बाबतीत हा पर्याय तुमच्यासमोर आलाच नाही. हे सरकारी पान आहे आणि ही सरकारी फी आहे अशा समजुतीत तुम्हाला ठेवून पैसे घेतले. कागद खरा असला तरी किंमत खोटं सांगून घेतलेली आहे. चटणीच्या पाकिटावर तुम्ही दुसऱ्याचा शिक्का मारून तिप्पट भाव घेतलात, तर चटणी चांगली होती म्हणून ते चालेल का?

पण एक गोष्ट डोळे उघडे ठेवून तपासा. ते पान मुलीला पुन्हा उघडायला लावा आणि अगदी तळाशी जा. बहुतेकदा तिथं बारीक, करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही खासगी सल्लागार संस्था आहे, सरकारशी संबंध नाही, घेतलेली रक्कम सल्ला शुल्क आहे. ते सापडलं तर खचू नका आणि लपवूही नका. त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, पण त्याच्या शेजारी पानाच्या वरच्या भागाचाही घ्या, म्हणजे मोठ्या अक्षरांत काय दाखवलं आणि बारीक अक्षरांत काय दडवलं हे एकत्र दिसेल. खासगी धंद्यासाठी सिंहमुद्रा वापरायला 2005 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे मुद्रा दिसत असेल तर तो स्क्रीनशॉट सगळ्यात मोलाचा. हे आजच करा. तक्रारी सुरू झाल्या की अशी पानं रातोरात बदलतात. जोडीला पैसे भरल्याची पावती, बँकेचा संदेश, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्या नावानं पैसे जमा झाले ते नाव, आणि त्या बाईंचा फोन नंबर, हे सगळं एका जागी ठेवा.

पैशाआधी अजून एक काम आहे, तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. नोंदणी त्या लोकांनी केली, म्हणजे तपशील त्यांनी भरले. प्रमाणपत्र हातात घ्या आणि त्यावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल वाचा. तुमचाच आहे ना? काही वेळा हे लोक स्वतःचा ईमेल घालून ठेवतात, म्हणजे पुढं काही बदलायचं तर पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं. कामाच्या प्रकारात खाद्यपदार्थांचं उत्पादन लिहिलंय की भलतंच काही, तेही बघा, कारण कर्जाच्या वेळी बँक ते वाचते. चूक असेल तर सरकारी पोर्टलवर दुरुस्ती करा. जमत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा, उद्यम नोंदणीत मदत करणं हे त्या केंद्रांचं नेमून दिलेलं काम आहे.

आधारचा ओटीपी दिलात तो त्या वेळेपुरता होता, संपला. पण आधार आणि पॅनचे क्रमांक त्यांच्याकडे राहिले. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं याचा इतिहास दिसतो, तो मुलीबरोबर एकदा बघा, आणि बोटांचे ठसे वगैरे कुलूपबंद करायची सोय आहे ती वापरा. काही अडलं तर 1947 हा त्यांचा मदत क्रमांक. पॅनवर कुणी कर्ज काढलं का हे कळायला वर्षातून एकदा सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दोन-तीन महिन्यांनी एक मागवा.

आता पैसे. पहिलं पत्र त्या संकेतस्थळालाच, ईमेलनं. फोनवर बोलू नका, ते गोड बोलून वेळ काढतात. साधं लिहा: 'मी अमुक तारखेला तुमच्या पानावर 2,799 रुपये भरले. पानावरची मुद्रा, नाव आणि मजकूर यांवरून ते सरकारी पोर्टल आहे आणि ही रक्कम सरकारी शुल्क आहे असा माझा समज झाला. ही नोंदणी मंत्रालयाच्या पोर्टलवर विनाशुल्क होते हे मला सांगितलं गेलं नाही. ते माहीत असतं तर मी पैसे भरले नसते. पूर्ण रक्कम सात दिवसांत मूळ खात्यात परत करावी.' एवढंच. शिव्याशाप नकोत, धमकी नको. हेच पत्र पुढं सगळीकडे जोडायचं आहे, ते वाचणारा तिसरा माणूस असणार हे मनात ठेवून लिहा. ऑनलाइन विक्री आणि सेवा देणाऱ्यांना 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढावी लागते. पानावर त्या अधिकाऱ्याचं नावच नसेल, तर तीही तुमच्या तक्रारीतली एक ओळ.

त्याच दिवशी बँकेला कळवा. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवता येते, आणि शाखेतही लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पण बँकेकडून अपेक्षा मर्यादित ठेवा. तुम्ही स्वतः पिन टाकून दुकानदाराला दिलेले पैसे बँक परस्पर ओढून आणू शकत नाही, ती फक्त समोरच्या बँकेमार्फत विचारणा करते. ज्या वाचकांनी असे पैसे डेबिट किंवा क्रेडिट कार्डानं भरलेत त्यांची बाजू थोडी बरी. कार्डाच्या व्यवहारात 'चार्जबॅक', म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, 'सेवा सांगितल्याप्रमाणे नव्हती' असं कारण देऊन. त्याला मुदत असते, म्हणून महिना-महिना थांबू नये. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पण लोकपाल बँकेचा कारभार तपासतो. त्या संकेतस्थळाची दिशाभूल हा त्याचा विषय नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनबद्दल तुम्ही लिहिलंय की 'आता काय उपयोग'. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत 1930 वर फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरता येते, त्यासाठीच ती सोय आहे. दहा-बारा दिवसांनी ती शक्यता फार उरत नाही. तरीही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवाच. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ड कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सोलापूर शहर पोलिसांचं सायबर पोलिस ठाणं आहे, तिथं छापील कागद घेऊन जाता येतं. '2,799 रुपयांसाठी पोलिस कशाला उभं करतील' असं तुम्ही म्हणता. एकट्या तुमच्या रकमेकडे बघून कदाचित नाहीच. पण हे लोक मुद्दाम एवढीच रक्कम घेतात, कारण एवढ्यासाठी कुणी येत नाही हे त्यांना माहीत असतं. एकाच खात्यावर पन्नास जणांच्या तक्रारी पडल्या की ते खातं नजरेत येतं, आणि त्या पन्नासांत तुमची असायला हवी.

माझा खरा भरवसा मात्र ग्राहक हक्कावर आहे, कारण तुमची तक्रार तिथं नेमकी बसते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि मधे राहून मिटवायचा प्रयत्न करतात. अशा संकेतस्थळांना धंदा चालू ठेवायचा असतो, म्हणून लेखी, पुराव्यासह आणि सरकारी वाटेनं आलेल्या तक्रारीला ते जास्त जपतात असं मला वाटतं. पूर्ण नाही तरी अर्धे पैसे देऊ असंही म्हणतील. ते घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेत असतील तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय देऊ नका.

तिथंही जमलं नाही तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनी दिल्लीची असो की आणखी कुठली, 2019 च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. समोरचा कदाचित म्हणेल, 'ही बाई धंदेवाली, ग्राहक कसली?' घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. सेवेचं नाव तिथं घेतलेलं नाही, त्यावर समोरचा वाद घालू शकतो. पण पहाटे चारला उठून भाकरी थापणारी बाई पोटासाठीच राबते, हे तुम्हाला ठामपणे मांडता येईल. तरी मी तुम्हाला आयोगात जाच असं सांगणार नाही. तारखांना हेलपाटे घालण्यात जितके दिवस जातील तितक्या दिवसांच्या भाकरी बुडतील, तो हिशोब तुमचा. 1915 पर्यंत मात्र नक्की जा, त्यात एक दुपार जाते.

एक धोका अजून बाकी आहे. तुम्ही तक्रार केलीत की 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे फोन येतील. कुणी सायबर सेलमधून बोलतोय म्हणेल, कुणी बँकेतून. थोडी फी मागतील, नाहीतर लिंक पाठवून पिन टाकायला सांगतील. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आणि तक्रारीचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथंही अशीच पानं वर बसलेली असतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागं असतो, बाकीचे नंबर या उत्तरात आहेत.

मुलीला त्या पानावर पत्त्याच्या पट्टीत काय होतं ते बघायला सांगा. केंद्र आणि राज्य सरकारच्या पानांचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतो, ही अक्षरं खासगी माणसाला मिळत नाहीत. नुसतं 'डॉट इन' कुणालाही विकत मिळतं. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की मधे कुणी डोकावत नाही, पलीकडे कोण बसलंय ते नाही. आणि सगळ्यात वर आलेल्या निकालावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असेल, म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली जाहिरात आहे. जे काम सरकारकडून थेट होतं त्याच्या अशा जाहिरातींना गुगलच्याच धोरणात मनाई आहे, त्या जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवरून तिची तक्रार करता येते. पासपोर्टच्या नावानंही अशी पानं आहेत, परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्टच्या अधिकृत संकेतस्थळावर तसा इशारा दिला आहे.

आणि त्या पोरीला जेवायला बसवा, ताई. तिनं जे केलं ते तुमच्यासाठी केलं, आणि सरकारच्या सोंगाला तिच्यापेक्षा मोठी, शिकलेली, नोकरीतून निवृत्त झालेली माणसं भुललेली मी काउंटरवर पाहिली आहेत. तुम्ही लिहिलंय की मिस्टर तिला 'मोबाइलची हुशारी' म्हणून बोलले. आज संध्याकाळी त्यांच्यासमोरच तिला म्हणा की हे स्क्रीनशॉट तूच काढ, मेल तूच टाइप कर, मी वाचून सही करते. 1915 ला फोन मात्र तुम्ही स्वतः करा, तक्रार तुमच्या नावावर आहे आणि तुमच्या तोंडून ती चांगली सांगितली जाईल.

प्रमाणपत्र खरं आहे, तेव्हा कर्जाचं काम या भांडणासाठी अडवून ठेवू नका. त्यावरचा ईमेल आणि मोबाइल एकदा तपासला की सोमवारी ते बँकेत देऊन या. मेलला काय उत्तर आलं ते मला कळवा. त्यांचे शब्द जसेच्या तसे पाठवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.